बांडीचे वीस लिटर

मी बहिणीचं जुनं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन गाईखाली बसलो होतो, तेवढ्यात कुंपणापलीकडून हणमा पिसाळची हाक आली.

"वैनी, तात्या हाय का घरात?"

मी गप्प. बादली गुडघ्यांत, दोन्ही हात सडांना आणि मिशा पदरात.

"अवो वैनी! तात्या कुठं गेला म्हनलं?"

हाक ऐकून माझी बायको कलावती आतून बाहेर आली. तिनं हणमाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावून उंबऱ्यातच मटकन बसली. शेवटी मीच डोक्यावरचा पदर मागं सारला आणि हणमाला विचारलं, "काय काम हाय?"

हणमा कुंपणावरून शेणात पडायचा राहिला.

आता तुम्ही म्हणाल, तातोबाची आणखी एक थाप. म्हणा. आमच्या म्हशीची साय एवढी जाड की वर मांजर झोपतं, आमच्या बैलाला बाजाराचा वार कळतो आणि त्या दिवशी तो आपणहून गाडीपाशी जाऊन उभा राहतो, असलं मी रोज संध्याकाळी पारावर सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. पण लुगड्याचं खरं आहे. आणि एवढं सोंग करून त्या वेळेला गाईनं दूध दिलं किती? साडेतीन लिटर.

वीस लिटरची गाय होती ती.

दोन आठवड्यांपूर्वी मला हौसाचा निरोप आला होता. हौसा माझी पाठची बहीण, माणदेशात दिलेली. त्या बाजूच्या एस.टी.चा कंडक्टर आमच्या फाट्यावर चहाला उतरायचा, त्याच्याजवळ तिनं सांगून पाठवलं होतं, "मालकांनी बांडी विकायला काढलीया. दादाला म्हणावं, लगेच ये."

बांडी म्हणजे हौसाची काळी-पांढरी संकरित गाय. तिची आई व्याली त्याच दिवशी मेली आणि हौसानं ते वासरू घरात, चुलीच्या उबेला ठेवून वाढवलं. पुढं ती गाय वीस लिटरला गेली. त्या काळात आमच्या गावात दहा लिटरची गाय असली तर लोक पाहुण्यांना मुद्दाम गोठ्यात नेऊन दाखवायचे. वीस लिटर म्हणजे माझ्या थापेत शोभणारा आकडा.

मी दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीनं गेलो. बरोबर गाय बांधून आणायला नवा कासरा घेतला.

दाजी, म्हणजे हौसाचे मालक धोंडीराम, सरळ माणूस. त्यांना फटफटी घ्यायची होती. व्यवहार ठरायच्या आत तेच म्हणाले, "दोन धारा बघितल्याबिगर न्यायची न्हाई, पाव्हणं. उद्या म्हणाल दाजीनं फशिवलं."

आमच्याकडं रीतच आहे. गाय घेणाऱ्यानं दोन वेळची धार डोळ्यांदेखत काढून बघायची आणि त्याच्या आधीच्या धारेला आपल्यासमोर कास रिकामी करून घ्यायची. नाहीतर विकणारा एक धार चुकवतो, कास तुंबवतो आणि घेणारा फुगलेली कास बघून भुलतो. मला हे कसं ठाऊक, ते विचारू नका. मी दोन म्हशी तशाच विकल्या होत्या.

त्यामुळं मी काही सोडलं नाही. दात बघितले, चारी सड पिळून बघितले, मानेवर पान्ह्याच्या इंजेक्शनची सुई टोचल्याची खूण आहे का, तेसुद्धा केस पिंजारून बघितलं. संध्याकाळी नऊ लिटर, सकाळी अकरा. धार मीच काढली. वासरू लावायची गरज नाही, की खुराक पुढं ठेवायची गरज नाही. मी रोख मोजून दिले.

हौसानं चहा केला, भाकरी वाढली, पण बोलली नाही. निघताना तिनं बांडीला हळदकुंकू लावलं आणि टेम्पो हलायच्या आत घरात गेली. मला वाटलं, जनावराचा लळा. होईल चार दिवसांत कमी. आणि जातेय कुठं, माहेरीच तर.

गावात आल्या आल्या मी दूध संस्थेत गेलो. सकाळच्या रांगेत सगळं गाव कॅन घेऊन उभं होतं.

"वीस लिटरची गाय आणलीया," मी म्हणालो.

सचिव बुरुंगले माप धुता धुता म्हणाले, "मांजर झोपतंय का हिच्या सायीवर?"

सगळे हसले. नेहमी मीही हसलो असतो. पण त्या दिवशी मला राग आला. माणूस जन्मात एकदा खरं बोलतो आणि कोणी ऐकून घेत नाही, म्हणजे काय!

"पंधरा दिवसांच्या आत एका दिवसाचं वीस लिटर ह्या मापानं भरून दाखवतो," मी म्हणालो.

"पाणी घालून?"

"दुधाला डिग्रीची काचनळी लावा की! पाणी निघालं तर कॅन माझ्या डोक्यावर वता."

"आन न्हाई भरलं तर?" हणमानं विचारलं.

माझ्याकडं पैजेवर लावण्यासारखं एकच होतं. मी म्हणालो, "न्हाई भरलं तर वर्षभर पारावर तोंड उघडणार न्हाई. यायचं, बसायचं, उठून जायचं. एक शब्द न्हाई."

मग बुरुंगल्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पंधरावा दिवस पेन्सिलीनं गोल केला. शनिवार होता.

पहिल्या दिवशी बांडीनं अठरा लिटर दिलं. मी म्हटलं, प्रवासाचा शीण. दुसऱ्या दिवशी सोळा. मग तेरा. मग अकरा. मग नऊ.

आमचं गाव कालव्यावरचं. हिरवा मका हवा तेवढा, सरकी पेंड, भुसा, गोठ्याला लागून सिमेंटचा हौद, त्यात पाटाचं पाणी चोवीस तास पडतं, हौद काठोकाठ. माणदेशातल्या जनावरानं स्वप्नात बघितलं नसेल असं राजवाड्यातलं खाणं मी तिच्यापुढं टाकलं. ती खायचीही. आधी भरपूर, मग थोडं, मग नुसती हुंगून मान फिरवायची.

जनावरांच्या डॉक्टरांनी ताप बघितला, कास दाबून बघितली आणि म्हणाले, "काही नाही. जागा बदललीय, रुळेल." कलावतीनं दृष्ट काढली. एकानं सांगितलं, मका बंद करा, कडबा द्या. दुसऱ्यानं सांगितलं, कडबा बंद करा. हणमानं सांगितलं, "बाईच्या हाताची सवय हाय तिला." म्हणून दोन दिवस कलावती बसली. दुसऱ्या दिवशी बांडीनं लाथ मारली, बादली तिकडं आणि कलावती इकडं. त्यानंतर ती म्हणाली, "मी न्हाई बसायची. तुमची पैज, तुमची गाय." मग मलाच सुचलं की हात नव्हे, वास. ट्रंकेत हौसाचं एक जुनं लुगडं राहिलं होतं. ते मी नेसलो.

पुढचं तुम्हाला सांगितलंच.

लुगडं सोडता सोडता माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली. दाजीनं फसवलं. कसं, ते कळत नव्हतं, पण ज्या माणसानं स्वतः दोन म्हशी फसवून विकल्यात, त्याला दुसरं काय सुचणार? आणि दोन धारांची रीत आधी कोण काढतं? ज्याच्या मनात काळं असतं तो.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, बांडीला टेम्पोत घातलं आणि माणदेश गाठला. दाजींच्या दारात फटफटी उभी होती. जुनीच, पण तेल लावून चकाकत होती. दाजी तिचा आरसा फडक्यानं पुसत होते.

"दाजी, पैसं काढा," मी टेम्पोतूनच ओरडलो.

"आवो, राम राम तरी घाला."

"राम राम कसला? सुई टोचून पान्हा सोडवला आन माझ्या गळ्यात बांधली! साडेतीन लिटर देतीया वेळेला!"

दाजींच्या हातातलं फडकं खाली पडलं. "सुई? मी? धार तुम्ही सवता काढली, पाव्हणं. मानंवरचं क्यास मोजलं तुम्ही. तवा घरच्या लक्ष्मीला कसायागत तपासताना मी एक शबुद बोललो न्हाई."

"शबुद नका सांगू, पैसं काढा!"

असं आमचं दारात चाललं होतं. हौसा बाहेर आली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, नवऱ्याकडं बघितलं नाही. टेम्पोच्या फळीवरून बांडीला उतरवलं आणि घराच्या मागं घेऊन गेली. आमचं भांडण जरा वेळानं थकलं, तेव्हा मी तिच्या मागं गेलो. तिच्याकडून तरी खरं काढावं म्हणून.

मागं रांजणापाशी हौसा उकिडवी बसली होती. समोर बादली. तिनं उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवला होता आणि बोटं हलवत होती. बांडीचं तोंड त्या बादलीत होतं. आधी ती बोटं चाटायची, मग चोखायची आणि चोखता चोखता पाणी ओढायची. बादली रिकामी झाली. हौसानं रांजणातून दुसरी भरली, हात बुडवला. तीही गेली. मी उभ्या उभ्या मोजत होतो. पाच बादल्या. पाचवीला बांडीनं तोंड वर केलं, एक मोठा श्वास सोडला आणि जिभेनं हौसाचं कोपर चाटलं.

मी तिला माझ्या हौदावर रोज दोनदा सोडत होतो. ती तोंड लावायची, नाक भिजवायची, मान वर करायची. हौद तर कायम भरलेला. पाट वाहता. कोण बघतंय कोणतं जनावर किती प्यालं ते? माणदेशात बादली मोजून पाणी पाजतात. आमच्याकडं हौद भरलेला दिसला की जनावर प्यालं असंच आम्ही धरतो. आईविना वासराला हौसानं बोटं चोखवून बादलीनं दूध पाजलं होतं, आणि ती गाय तीन वेतं झाली तरी बोटं असल्याशिवाय मनसोक्त पीत नव्हती. मी तिला मका घातला, पेंड घातली, लुगडं नेसून दाखवलं. पाण्याच्या गावात मी तिला तहानेनं आटवली होती.

"हे तुला ठावं हुतं?" मी विचारलं.

"मीच सवय लावली. मला ठावं नसंल तर कुणाला?"

"आन मला सांगितलं न्हाईस?"

"तू इचारलंस?"

माझा तोल गेला. "हौसा, सख्ख्या भावाला फशिवलंस तू! तिकडं गाव माझ्यावर हसतंय, हितं मी दाजीला चोर ठरवत बसलोय, आन चोर घरातच! दुसऱ्या कुणी न्हेली असती तर त्याला सांगितलं असतंस?"

"सांगितलं असतं," ती म्हणाली. "परक्याला हात धरून शिकवलं असतं. जनावराचा जीव हाय."

"मग मला का न्हाई?"

तिनं रिकामी बादली उपडी केली आणि तिच्यावर बसली.

"दादा, मी तुला निरोप धाडला. कशाला धाडला?"

"बांडी विकायची म्हणून."

"मग?"

"मग आलो की दुसऱ्याच दिवशी."

"कासरा घेऊन आलास."

ती खालच्या आवाजात बोलत होती, दाजींना ऐकू जाऊ नये म्हणून.

"मला वाटलं, माझा दादा येईल. मालकास्नी म्हणंल, 'माझ्या भनीनं बोटं चोखवून वाढवलीया, फटफटीपायी इकू नका.' तुझं ऐकत्यात ते. साऱ्या पाव्हण्यांत एक तुझंच ऐकत्यात. तू आलास, चपला बी न काढता तिच्याकडं गेलास, आन पहिल्यांदा तिचं दात बघितलंस."

बांडी आमच्या मधे उभी राहून रवंथ करत होती.

"म्हणून न्हाई सांगितलं," हौसा म्हणाली. "म्हनलं, दूध आटंल. आटलं की दादा आणून बांधंल. परत करायला लाजणाऱ्यातला न्हाई तो. आन बघ, आलासच."

संध्याकाळी तिनं धार काढली. त्याच दिवशी साडेपाच लिटर. दोन दिवसांत ती वर जाणार, हे मला आकड्यांसकट दिसायला लागलं होतं. बुधवार होता. शनिवारला तीन दिवस.

मी तिला पैजेचं सांगितलं. ती इतक्या वेळात पहिल्यांदा हसली.

"वरीसभर गप बसायचं? तू? पोट फुटून मरशील की रं."

"म्हणून तर म्हणतो," मी म्हणालो. "मला शनिवारपातुर दे. शनिवारी वीस लिटर मापून झालं की रविवारी हितं आणून बांधतो. पैशाचं मी आन दाजी बघून घेऊ. तुझी गाय तुझ्या दारात."

"नक्की?"

"तुझ्याशी मी कधी खोटं बोललोय?"

आणि मग तिनं खरंच मला शिकवलं. बादली भरली, माझा हात धरून पाण्यात बुडवला आणि वरून आपला हात ठेवला. बांडीनं वास घेतला, थांबली, मग माझ्या बोटांना जीभ लागली. खरखरीत आणि ऊन. हौसानं हळूच आपला हात काढून घेतला. बांडी पीत राहिली.

"आता तुझी बी झाली ती," हौसा म्हणाली. "रविवारपातुर."

शनिवारी सकाळी साडेअकरा लिटर आणि संध्याकाळी साडेनऊ. बुरुंगल्यांनी दोन्ही वेळेला स्वतः माप धरलं, डिग्री लावली, पुन्हा लावली. एकवीस लिटर. हणमानं मला खांद्यावर घेतलं. रात्री पारावर एवढी माणसं होती की कट्टा अपुरा पडला. मी सांगितलं, गाय का आटली ते मीच शोधून काढलं. तिच्या डोळ्यांत बघून मला कळलं. लोकांनी माना डोलवल्या. एकही जण हसला नाही. त्या दिवसापासून तातोबाचा शब्द म्हणजे शब्द, असं गावात झालं. दुधाबद्दल, जनावराबद्दल लोक मला विचारायला यायला लागले.

रविवारी शेजारच्या गावची चार माणसं बांडीला बघायला आली. त्यांच्यापुढं तिला टेम्पोत कशी घालणार? सोमवारी टेम्पोवाला कारखान्यावर गेला. पुढच्या रविवारी संस्थेच्या चेअरमनांनी गोठ्यात फोटो काढला. कंडक्टर फाट्यावर उतरला की मला चुकवायचा नाही. "हौसाबाई विचारत होत्या." मी म्हणायचो, "सांग, येत्या आठवड्याला." असं तीनदा झालं. चौथ्यांदा तो चहा पिऊन तसाच गाडीत चढला.

कलावती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "किती रविवार झालं वो?"

मी म्हणालो, "गप बस."

दिवाळीत भाऊबीजेला मी गेलो. जायचं धाडस होत नव्हतं, पण न जायचं कारणही गावाला सांगता आलं नसतं. नवी साडी घेतली, भारीतली. दाजी फटफटीवर बाजाराला गेले होते. घराच्या मागं रांजण होता, पण त्याच्याजवळची जमीन कोरडी होती.

हौसानं पाट मांडला, रांगोळी काढली. टिळा लावला, सुपारी ओवाळली, निरांजन ओवाळलं. काही चुकलं नाही, काही राहिलं नाही. मी तबकात साडी ठेवली. तिनं ती कपाळाला लावली आणि बाजूला ठेवली. लहानपणापासून तिनं मला 'तू' म्हटलं होतं. 'दादा' म्हणून चिमटे काढले होते.

ती आत गेली आणि चहा घेऊन आली. कपबशी माझ्यापुढं ठेवली, पदर सारखा केला आणि म्हणाली,

"कोराच हाय. दुधाची गाय तुमच्याकडं असती. गोड मानून घ्या, पाव्हणं."